सँटोरिनीची वाइन टूर : दोन ठिकाणी चाखा, तिसऱ्या ठिकाणी जेवा

माझं माहेर निफाडचं. आमच्या बागेत वेल डोक्यावर असते. मांडवाखालून वाकून चालायचं, घड वरून लोंबत असतात. त्यामुळे सँटोरिनीत गाईडने गाडी थांबवून "ही द्राक्षबाग" म्हटलं तेव्हा मी बाग शोधतच राहिले. समोर राखाडी वाळूचं उघडं रान होतं आणि त्यात कुणी जुन्या टोपल्या इकडेतिकडे टाकून दिल्यासारखं काहीतरी पसरलेलं. त्या टोपल्या म्हणजेच वेली होत्या.

ग्रीसच्या या बेटावर हल्ली मराठी जोडपी पुष्कळ दिसतात. निळे घुमट, पांढरी घरं, इया गावातला सूर्यास्त एवढं सगळ्यांना माहीत असतं. वाइन टूरचं नाव काढलं की मात्र दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "आम्हाला वाइनमधलं काही कळत नाही." दुसरी, "एवढे पैसे घालून प्यायचंच ना?" दोघांसाठीही हा लेख आहे. ही टूर मुळात जमिनीची आणि जेवणाची आहे, वाइन त्या दोघांना जोडते. हे एकदा लक्षात आलं की काय निवडायचं आणि काय टाळायचं ते आपोआप सुटत जातं.

टूर म्हणजे नक्की काय

आठ-दहा माणसं बसतील अशी एक व्हॅन, बोलका गाईड, चार ते पाच तास, तीन वायनरी, प्रत्येक ठिकाणी तीन-चार वाइनचे नमुने आणि शेवटी जेवण. निघायची वेळ बहुधा दुपारची, म्हणजे शेवटचा थांबा सूर्यास्ताला गाठता येतो. जेवणासकट घेतलं तर माणशी शंभर युरोच्या खाली हे प्रकरण क्वचितच मिळतं, आणि वरची मर्यादा तुमच्या हौसेवर आहे.

भाड्याची गाडी किंवा ती चार चाकांची क्वाड बाइक घेऊन स्वतःच फिरलं तर? स्वस्त पडेल, पण करू नका. ग्रीसमध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही, दुचाकीवाल्यांना आणि नवशिक्या चालकांना तर त्याहूनही कमी. बेटावरचे रस्ते अरुंद, वळणांचे, कडेला दरी. वाइनच्या गावात जाऊन एकाने पाणी पीत बसायचं आणि दुसऱ्याने त्याची कीव करायची, ही सहल नव्हे. ज्यांना टूर नकोच असेल त्यांनी बेटावरच्या ‘फिरा’ नावाच्या मुख्य गावातून बसने किंवा टॅक्सीने एकाच वायनरीत जावं, निवांत बसावं आणि परत यावं.

तारीख ठरवताना

नाशिककडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारीपासून पुढे माल. तिकडे वर्षात एकच छाटणी, तीही हिवाळ्यात, आणि काढणी ऑगस्टमध्ये. ग्रीसमधल्या सर्वांत आधी होणाऱ्या काढण्यांपैकी ही एक. त्यामुळे घड लगडलेले बघायचे असतील तर जुलै, काढणीची धावपळ बघायची असेल तर ऑगस्ट. पण हेच दोन महिने गर्दीचे, भाजून काढणाऱ्या उन्हाचे आणि मेल्तेमी या उत्तरेकडच्या वाऱ्याचे. हा वारा टेबलावरचा रुमालच काय, ग्लासही उचलून नेतो. मला विचाराल तर मे महिना, कारण तेव्हा टोपल्या कोवळ्या हिरव्या असतात. नाहीतर सप्टेंबरचा शेवट, कारण तेव्हा काढणी उरकून वायनरीतल्या माणसांना तुमच्याशी बोलायला फुरसत मिळते. नोव्हेंबर ते मार्च बरीच दारं बंद असतात.

सूर्यास्ताची वेळ स्वतः बघून घ्या. जूनअखेरीस तो साडेआठनंतर होतो, सप्टेंबरअखेरीस सातच्या सुमारास. म्हणजे त्याच टूरची निघायची वेळ ऋतूप्रमाणे दीड तासाने हलते, आणि दुपारचं जेवण किती वाजता करायचं ते त्यावर ठरतं.

क्रूझने येणाऱ्यांना एक वेगळी सूचना. तुमचं जहाज खाली समुद्रात उभं राहतं, तुम्ही छोट्या बोटीने जुन्या बंदरात उतरता आणि रोपवेने वर फिराला येता. संध्याकाळी हीच सगळी गर्दी त्याच रोपवेसाठी उलट्या रांगेत उभी असते. शेवटची बोट नऊला असेल तर जेवणाची टूर विसरा, सकाळची घ्या.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून जरा सविस्तर. पहिल्या खेपेला आम्ही "जेवण समाविष्ट" असं वाचून एक टूर घेतली. शेवटच्या थांब्यावर जेवण म्हणून आलं ते एक लाकडी फळी, तिच्यावर चीजचे तुकडे, ऑलिव्ह, सुकी टोस्टवजा भाकरी आणि द्राक्षांचा एक झुपका. निफाडच्या मुलीला द्राक्षांचा झुपका! रात्री दहाला फिरात परत आलो आणि यीरोसच्या, म्हणजे मांस भरून गुंडाळलेल्या पिटा-रोटीच्या, टपरीवर उभे राहिलो. नवरा शाकाहारी, त्याला मांस वगळून पिटा दिला. आत टोमॅटो, कांदा आणि बटाट्याचे चिप्स. तो अजूनही म्हणतो की त्या दिवसातला तोच पदार्थ उत्तम होता.

तेव्हापासून मी आधी लिहून विचारते : जेवण बसून, ताटात वाढलेलं, किती पदार्थांचं आहे? ते वायनरीत आहे की गावातल्या एखाद्या खाणावळीत? (ग्रीसमध्ये साध्या घरगुती खाणावळीला ताव्हेर्ना म्हणतात, आणि माझा कौल ताव्हेर्नालाच.) जेवणाबरोबरची वाइन धरलेली आहे की तिचं वेगळं बिल होणार? चाखण्याची फी आत आहे का? व्हॅनमध्ये जास्तीत जास्त किती माणसं? "स्मॉल ग्रुप" या शब्दांत आठही बसतात आणि अठराही. घ्यायला हॉटेलच्या दारात येणार की जवळच्या चौकात? बेटावरच्या कितीतरी हॉटेलांपर्यंत गाडी जातच नाही, पायऱ्याच असतात, त्यामुळे हा प्रश्न क्षुल्लक नाही. रद्द केल्यास पैसे कधीपर्यंत परत? आणि तीन वायनरी कोणत्या, त्यांची नावं.

नावं कशासाठी, तर तिन्ही एकाच जातीच्या नकोत. एखादी मोठी चालेल. उदाहरणार्थ सँटो वाइन्स, ही शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची वायनरी, पिर्गोस गावाजवळ कड्यावर. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याची सवय असलेल्या माणसाला तिथे ओळखीचं वाटेल, फक्त गच्चीवरून दिसणारा देखावा जरा बरा आहे. अथिनिओस बंदराच्या वरची वेनेत्सानोस १९४७ मधली. ती डोंगरउतारावर वरून खाली अशी बांधली आहे, म्हणजे वर द्राक्षं ओतली की रस पंपाशिवाय, स्वतःच्या वजनाने खालच्या मजल्यांवर उतरत जातो. पण एक तरी वायनरी घरगुती हवी. मेगालोहोरीतली गावालास किंवा एपिस्कोपीतली आर्गिरोस अशा घराण्यांच्या जुन्या ठिकाणी बेटाची गोष्ट जास्त नीट कळते. कड्यावरच्या गच्चीत सगळे पाठ फिरवून सूर्याचे फोटो काढत असतात, ग्लासाकडे कुणाचंच लक्ष नसतं.

त्या दिवशी

दुपारी व्यवस्थित जेवा. रिकाम्या पोटी जाणं ही नवख्या माणसाची पहिली चूक. सपाट चपला किंवा बूट घाला, वाळू आणि पायऱ्या दोन्ही आहेत. संध्याकाळी वारा बोचतो म्हणून एक शाल किंवा जाकीट. अत्तर, परफ्यूम, उग्र वासाचं बॉडी स्प्रे त्या दिवशी नको, कारण अर्धी वाइन नाकाने प्यायची असते आणि शेजाऱ्यालाही नाक असतं. पाण्याची बाटली विकत घ्या, बेटावरचं नळाचं पाणी मचूळ लागतं. आणि व्हॅनमध्ये ओळखी करून घ्या. आमच्या गाडीत एक ब्राझिलचं आणि एक पोलंडचं जोडपं होतं. तिसऱ्या थांब्यापर्यंत आम्ही एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होतो.

वेलींपाशी थांबा, घाई करू नका

गाईड दहा मिनिटं देतो, तुम्ही वीस मागा. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला, बेटाचा मधला भाग समुद्रात बसला आणि उरलेल्या कड्यांवर राख, प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि लाव्ह्याचे थर साचले. आज वेली उभ्या आहेत त्या याच थरांत. मूठभर उचलून बघा, माती म्हणावी असं त्यात काहीच नाही. चिकणमाती जवळजवळ नसल्यामुळे एक मोठं भाग्य मात्र वाट्याला आलं. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या आणि पुढे जवळजवळ सगळ्यांना अमेरिकी खुंटांवर कलमं करावी लागली. या वाळूत ती कीड जगूच शकत नाही. म्हणून सँटोरिनीच्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, आणि काही मुळं तर शेकडो वर्षांची आहेत. वेल थकली की वरचा भाग कापून टाकतात, जुन्या मुळातून नवा फुटवा येतो.

आणि त्या टोपल्या. त्यांना कुलूरा म्हणतात. दरवर्षी छाटणीच्या वेळी काड्या गोल गोल गुंफत जमिनीलगत कडं विणलं जातं आणि घड आतल्या बाजूला वाढतात. वाऱ्याने उडणारी वाळू घडांना लागत नाही, पानांच्या सावलीत ते उन्हाने करपत नाहीत. उन्हाळ्यात पाऊस नाही म्हटलं तरी चालेल, आणि आपल्यासारख्या ठिबकच्या नळ्या पसरलेल्या जुन्या बागांत दिसत नाहीत. रात्री समुद्रावरून धुकं येतं, सच्छिद्र प्यूमिस ते शोषून धरतं आणि वेल त्यावर तगते. एवढ्या कष्टांनंतर एकरी उत्पन्न किती? माझ्या वडिलांनी आकडा ऐकला असता तर बाग मोडून टाकली असती. इथली बाटली महाग का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे त्याच जमिनीवर हॉटेल बांधलं की जास्त पैसे मिळतात.

एक विनंती, फोटोसाठी टोपलीत पाय ठेवू नका, वर बसू तर मुळीच नका. लोक बसतात.

चाखायचं कसं

क्रम वायनरीवालेच ठरवतात, तो मोडू नका. आधी स्टीलच्या टाकीतली पांढरी, मग लाकडी पिंपातली, मग लाल, शेवटी गोड. गोड आधी घेतलीत तर नंतरचं सगळं लिंबासारखं आंबट लागेल.

पहिल्या ग्लासात असेल असीर्तिको, या बेटाचं मुख्य पांढरं द्राक्ष. नाशिकला गंगापूर धरणाजवळ बसून शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन प्यायला असाल तर ती मऊ, फळाळ चव डोक्यातून काढा. असीर्तिको कोरडी ठणठणीत, लिंबाची साल चावल्यासारखी, मागे किंचित खारट झाक. पहिला घोट बहुतेकांना आवडत नाही, मलाही आवडला नव्हता. तिच्याबरोबर काहीतरी खारट, तेलकट खा आणि मग दुसरा घोट घ्या.

त्यानंतर निख्तेरी. निख्ता म्हणजे रात्र. दिवसाच्या उकाड्यात रस बिघडू नये म्हणून पूर्वी रात्री द्राक्षं तुडवत, त्यावरून हे नाव. जास्त पिकलेली द्राक्षं, लाकडात मुरवलेली, अल्कोहोल किमान साडेतेरा टक्के. लाल वाइन कमी असते. मांदिलारिया किंवा माव्रोत्रागानो या स्थानिक जातींची मिळाली तर घ्या, दुसरा जवळजवळ नामशेष व्हायच्या वाटेवर होता आणि गेल्या काही दशकांत पुन्हा उभा राहिला.

शेवटी विन्सांतो. तासगावचा बेदाणा माहीत असलेल्याने इथे कान टवकारावेत. आपण शेडमध्ये सावलीत सुकवतो, हे लोक घड भर उन्हात दहा-बारा दिवस पसरतात, मग त्या सुरकुतलेल्या द्राक्षांचा जो थोडासा दाट रस निघतो तो आंबवून लाकडी पिंपात कमीत कमी दोन वर्षं ठेवतात. रंग काकवीसारखा, वास अंजिराचा, बेदाण्याचा, थोडा कॉफीचा. गोड असूनही तोंडाला मिठी बसत नाही, कारण असीर्तिकोचा आंबटपणा शेवटपर्यंत जागा असतो.

आता हिशेब. एक नमुना सुमारे ५० मिलिलिटर धरला तर तीन ठिकाणी चार-चार म्हणजे ६०० मिलिलिटर. बाटली ७५० ची असते. म्हणजे जेवणाला बसण्याआधीच तुम्ही पाऊण बाटलीच्या पुढे गेलेले असता, तेही उन्हातून फिरून. म्हणून शीर्षकात म्हटलं तसं करा. पहिल्या दोन ठिकाणी प्रत्येक ग्लासातला एक-दोन घोट घ्या आणि उरलेली टेबलावरच्या भांड्यात ओता. ते भांडं त्यासाठीच असतं. तोंडातली वाइन त्यात थुंकलीत तरी कुणी वाईट मानत नाही, उलट जाणकार समजतात. पिकदाणीची परंपरा असलेल्या आपण तर लाजायचं कारणच नाही. ग्लास दांडीला धरा, हलकेच फिरवा, नाक आत घाला, मग घोट. "काय काय वास येतो?" असं विचारलं की जे येतं ते सांगा. मी एकदा "कैरीचं लोणचं" म्हटलं, गाईडला कैरी समजावण्यात पाच मिनिटं गेली, पण त्याने वहीत लिहून घेतलं.

जेवण

इथे मात्र हात आखडू नका. पहिल्यांदा येते फावा. नाव ऐकून घेवड्यासारखं काही वाटेल, पण हे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण आहे, वर कच्चा कांदा, केपर (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या), ऑलिव्ह तेल आणि लिंबू. ही डाळ याच बेटाची. विदर्भातली लाखोळी आणि ही डाळ एकाच लॅथिरस कुळातल्या बहिणी. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "हळद विसरले." असीर्तिकोचा आंबटखारटपणा इथे एकदम कळतो, जसा वरणावर लिंबू पिळल्याशिवाय वरण पुरं होत नाही तसा.

मग टोमॅटोची भजी, दोमातोकेफ्तेदेस. इथले टोमॅटो बोराएवढे, पाण्याविना वाढलेले, म्हणून चव एकवटलेली. एकेकाळी बेटावर टोमॅटोचे कारखाने होते, आणि गाया ही वायनरी अशाच एका जुन्या कारखान्यात समुद्राकाठी आहे. पांढरं वांगंही मागा, त्याला कडवटपणा नाही आणि बिया कमी. ख्लोरोतीरी हे शेळीच्या दुधाचं मऊ चीज केपरच्या पानांबरोबर येतं. मांसाहारी लोकांना पुढे मासा, ऑक्टोपस किंवा कोकरू मिळेल, आणि निख्तेरी तिथे कामाला येते.

शाकाहाऱ्यांनी बुकिंग करतानाच लिहावं आणि टेबलावर पुन्हा सांगावं : "इमे होर्तोफागोस", मी शाकाहारी. कुणी तुम्हाला "निस्तीसिमो" म्हणजे उपवासाचं मागा असा सल्ला देईल. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध वर्ज्य हे खरं, पण कोळंबी, माकुळ आणि ऑक्टोपस चालतात. आपल्या उपवासाला साबुदाणा चालतो तसंच म्हणायचं. त्यामुळे त्या शब्दावर विसंबू नका. चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे दूध साकळवायला वापरलेला वासराच्या पोटातला अर्क, असू शकतं, ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी फावा, वांगं आणि भजी मिळून पोटभर होतं.

ग्लास उचलताना "यामास" म्हणायचं. जेवण संपायला दोन तास लागतात, गाईड घड्याळ बघत नाही, तुम्हीही बघू नका. टिपेची सक्ती नाही, पण गाईडने मनापासून दाखवलं असेल तर माणशी पाच-दहा युरो हातात द्यावेत.

बाटल्या आणायच्या तर

पहिल्या वायनरीतच खरेदी करू नका, पुढे गाडीत त्या उन्हाने तापतात. भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. विन्सांतो बहुधा अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते. म्हणजे असीर्तिकोच्या दोन आणि विन्सांतोची एक, बरोबर दोन लिटर. केबिन बॅगेत त्या जाणार नाहीत, मोठ्या बॅगेत मोज्यांत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध ठेवा. असीर्तिको उघडली की दोन दिवसांत संपवा. विन्सांतोला घाई नाही, बूच लावून फ्रिजमध्ये ती काही आठवडे राहते. आमची सप्टेंबरात आणलेली दिवाळीच्या पहिल्या दिवशी उघडली आणि चिरोट्यांबरोबर भाऊबीजेला संपली.